पानातलं भोक

मी कातडी खरवडतो. देब्रे मार्कोसच्या वरच्या अंगाला,
जिथे निलगिरीची झाडं संपतात आणि नुसता वारा उरतो.
शेळीचं ओलं कातडं चौकटीत ताणायचं,
मग चंद्रकोरीसारख्या पात्यानं
चरबी, केस, डोंगरावरचं चरणं, सगळं खाली उतरवायचं.
राहतं ते पान.
त्यावर गुरुजी बोरूनं स्तोत्रं लिहितात
काळ्या शाईनं, देवाचं नाव आलं की तांबड्या.
एकोणीस वर्षं झाली. माझ्या हाती अजून पातंच आहे.

त्या वर्षी मी ठरवलं,
देवाला हवा तसा माणूस व्हायचं.
कसा हवा ते मला पक्कं ठाऊक होतं:
कपारीत राहणाऱ्या अब्बा तेक्ले-हवार्यातसारखा,
जो रानपाला खातो, म्हणे, आणि कुणावर रागावत नाही.
मोठ्या उपासात मी
दिवस कलल्यावर मूठभर भाजलेले चणे खाऊ लागलो.
बरगड्या मोजता आल्या.
मोजल्याही, रोज.

विसाव्या दिवशी पाणी आणणाऱ्या पोराच्या कानाखाली वाजवली,
घागर सांडली म्हणून.
एकतिसाव्या दिवशी धाकट्या भावाचा फोन आला,
बाहिर दारला बजाज चालवतो तो.
एवढंच विचारलं त्यानं, नीट जेवतोस ना?
म्हणालो, तू मला मेलास.
मग गुडघे टेकून देवाला विचारलं,
आता कितीसं राहिलं?

चाळिसाव्या दिवशी पातं घसरलं.
वैझेरो अस्नाकेचच्या पोथीचं कातडं होतं ते.
अकरा कोंबड्या विकून, लग्नातला चांदीचा क्रूस विकून
तिनं मेलेल्या लेकाच्या नावानं पोथी सांगितली होती.
कातड्यावर एक जुना व्रण होता,
शेळी जिवंत असताना गोचीड चावल्याचा.
तिथे हात हलका ठेवायचा, हे मला झोपेतही कळतं.
मी दाबत गेलो.
करंगळी जाईल एवढं भोक.

पान गठ्ठ्याच्या मधोमध सरकवलं
आणि ओठ शिवून बसलो.
गुरुजींच्या एका डोळ्यात सारा, दुसऱ्यात कायमची संध्याकाळ,
तरी त्यांचं बोट बरोबर त्या जागी थांबलं.
काही बोलले नाहीत.
ओळ भोकापर्यंत आणली, बोरू उचलला,
पलीकडे टेकवला आणि तोच शब्द पुढे नेला,
दारात झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालून
माणूस प्रार्थनेला आत जातो, तितक्या सहज.

मला राहवेना.
देवाला कसा माणूस हवा असतो, गुरुजी?
मला काय विचारतोस, म्हणाले.
डोळा जायच्या आत ही पोथी पुरी होईल का,
एवढं साधं विचारून ठेवलंय मी त्याला.
त्याचंही उत्तर यायचंय.

पोथी न्यायला अस्नाकेच आली तेव्हा सांगितलं:
हे भोक शेळीचं नाही, माझं आहे.
तिला अक्षर येत नाही.
तिनं भोकात बोट घातलं, काढलं,
मग डोळा जवळ नेला.
मागच्या पानावरचं काहीतरी तांबडं दिसतंय, काय आहे?
मी वाकलो.
देवाच्या नावातलं एक अक्षर. तेही अर्धंच.
अर्धं? ती म्हणाली.
असू दे. माझा देसिये तेवढंच शिकला होता.
आणि पोथी शालीत गुंडाळून, उतारावरून
हळूहळू निघून गेली.

पोराला मी माझ्यातली अर्धी भाकर दिली.
त्यानं ती दोन हात लांब उभं राहून खाल्ली.
अजूनही लांबच उभा राहतो.
भावाला फोन लावला, त्यानं उचलला नाही.
उद्या पुन्हा लावीन.

आज चौकटीत नवं कातडं आहे,
मानेपाशी व्रण असलेलं.
पातं तिथे आलं की मी श्वास धरतो.
पुढे काय लिहिलं जाईल, मला ठाऊक नाही.